मोठ्या पॉलिपची ईएमआर: रिपोर्टपासून डबीपर्यंत या सेवेचं परीक्षण

कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘असेंडिंग कोलनमध्ये मोठा सेसाइल पॉलिप, बायोप्सी घेतली’ एवढी एक ओळ असते (म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातल्या अस्तरावर देठ नसलेली मोठी वाढ) आणि घर हादरतं. पहिला प्रश्न कॅन्सरचा, दुसरा ऑपरेशनच्या तारखेचा. त्या दोघांच्या मधला प्रश्न राहूनच जातो, आणि पुढचं बरंच काही त्याच्यावरच ठरतं: हा पॉलिप पोट न उघडता, दुर्बिणीतूनच पूर्ण निघेल का, आणि तो काढण्याचा सराव कुणाच्या हाताला आहे?

ते काम करणारी सेवा म्हणजे ईएमआर, एंडोस्कोपिक म्यूकोसल रिसेक्शन. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ती मिळते, पण सगळीकडे एकाच दर्जाची मिळत नाही. इथे कुठल्या एका रुग्णालयाला गुण द्यायचे नाहीत. ही सेवा प्रत्येक टप्प्यावर कशी हवी आणि कुठे घसरते, ते पाहायचं आहे.

मत आधीच सांगतो. कॅन्सरची चिन्हं न दिसणाऱ्या मोठ्या पॉलिपसाठी, अनुभवी हातांनी केलेली ईएमआर हा आतड्याचा भाग कापून काढण्यापेक्षा चांगला पर्याय आहे. रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, आतडं शाबूत राहतं. अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांच्या मोठ्या नोंदींमध्ये कॅन्सर नसलेल्या पॉलिपसाठी आतडं कापलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना मोठी गुंतागुंत झाली आणि महिनाभरात ०.७ टक्के दगावले. साध्या पॉलिपसाठी ही किंमत जास्तच आहे. सेवेचं तंत्र उत्तम आहे. ती कमी पडते ती तंत्राच्या आजूबाजूला: रिपोर्ट लिहिण्यात, काढलेले तुकडे हाताळण्यात आणि पुन्हा तपासणीला बोलावण्यात.

मोठा म्हणजे किती? २० मिमी किंवा त्याहून जास्त, साधारण नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. देठ असलेला पॉलिप मोठा असला तरी देठाला फास टाकून काढणं तुलनेनं सोपं. खरी अडचण देठ नसलेल्या, गालिच्यासारख्या पसरलेल्या पॉलिपची.

आता रिपोर्ट. सेवेचा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. चांगल्या रिपोर्टमध्ये आकार मिलिमीटरमध्ये असतो, ‘मोठा’ या शब्दात नाही. पॅरिस वर्गीकरणातला प्रकार असतो: देठाचा ०-आयपी, बसका ०-आयएस, चपटा उंचावलेला ०-टूए, मध्ये खोलगट ०-टूसी. हा शेवटचा प्रकार लहान असला तरी जास्त धोक्याचा. पृष्ठभागाचं वर्णन नाइस किंवा जेनेट या पद्धतीनं केलेलं असतं. नाइस ३ किंवा जेनेट ३ लिहिलं असेल तर कॅन्सर खोल गेल्याची शंका आहे आणि ईएमआरचा विचार तिथेच थांबतो. जेनेट २बी असेल तर एका तुकड्यात काढण्याची गरज पडू शकते. जागा ‘६० सेमीवर’ अशी लिहिली असेल तर तिचा फार उपयोग नाही, कारण दुर्बीण आत वेटोळी घेते आणि तेच ६० सेमी एकदा डाव्या बाजूला तर एकदा आडव्या आतड्यात येतात. गुदाशय सोडला तर जागा आतड्याच्या भागाच्या नावानं हवी. शिवाय आतडं किती साफ होतं याचा बॉस्टन गुणांक: तीन भाग, प्रत्येकी ० ते ३, आणि प्रत्येक भागाला किमान २ हवेत. फोटो रंगीत हवेत. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पॉलिपची नक्षी दिसत नाही, म्हणून मूळ फोटो किंवा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला फोटो पाहूनच बरंच ठरवता येतं, दुसरी कोलोनोस्कोपी वाचते.

पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी पॉलिप काढला नाही म्हणून अनेक जण नाराज होतात. खरं तर तो हात न लावता सोडणं हेच बहुतेक वेळा रुग्णाच्या हिताचं असतं. मोठा पॉलिप काढण्याची पहिली संधी ही सर्वात चांगली संधी असते. अर्धवट कापला, दहा ठिकाणी चिमटे घेऊन बायोप्सी केली, की खाली व्रण धरतो, थर एकमेकांना चिकटतात आणि पुढच्याला तो उचलताच येत नाही. जेव्हा पुढे ईएमआरच करायची आहे तेव्हा बायोप्सी न घेतली तरी चालतं. संशयास्पद जागेवरून एखादा तुकडा, तेवढं पुरे. पॉलिपच्या शेजारी शाईची खूण करायची असेल तर ती किमान ३ सेमी अंतरावर, गुदद्वाराच्या दिशेला हवी. शाई पॉलिपखाली झिरपली तर तीही तोच चिकटा तयार करते. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि गुदाशयात खुणेची गरज नसते, जागा आपोआप ओळखू येते.

बायोप्सीत ‘लो ग्रेड डिस्प्लेजिया’, म्हणजे पेशींत सौम्य बदल, आलं तर सुटकेचा श्वास घ्यावा, पण तो निकाल चिमटीएवढ्या तुकड्याचा आहे, सगळ्या पॉलिपचा नाही. उलट ‘हाय ग्रेड डिस्प्लेजिया’ (पेशींत तीव्र बदल) वाचून कॅन्सर झाला असं समजून सर्जनकडे धावू नये. पेशी अस्तराच्या वरच्या थरातच असतील तर त्या लसिकाग्रंथींत पसरत नाहीत. अशा वेळी लगेच लिहून दिले जाणारे पेट स्कॅन आणि सीईए रक्ततपासणी साध्या दिसणाऱ्या पॉलिपमध्ये काही सांगत नाहीत. पॉलिप किती खोल आहे हे सीटीतही कळत नाही. तो खर्च वाचवा.

घाई किती? साध्या दिसणाऱ्या पॉलिपला चांगला हात मिळवण्यासाठी काही आठवडे थांबता येतं. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत उपचारासाठी ८ आठवड्यांची मुदत धरली आहे. परवा तारीख मिळतेय म्हणून कुठेही जाण्यापेक्षा तीन आठवड्यांनी योग्य ठिकाणी जाणं शहाणपणाचं. रक्तस्राव, वजन घटणं, आतडं अडल्याची लक्षणं असतील तर मात्र थांबू नका. आणि रक्त पडतंय ते मूळव्याधीमुळेच, असं तपासणीशिवाय कुणी सांगितलं तर ते ऐकू नका.

केंद्र निवडताना फोनवर किंवा ओपीडीत सरळ विचारा. दोन सेंटिमीटरच्या वरचे पॉलिप वर्षाला किती काढता? आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरता का? कडा सॉफ्ट कोअ‍ॅग्युलेशननं शेकता, म्हणजे सौम्य विजेचा चटका देता का? जखम बंद करायच्या छोट्या धातूच्या क्लिप हाताशी असतात का? त्याच इमारतीत सर्जन आहे का? रात्री दोन वाजता रक्त पडलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? या प्रश्नांवर न चिडता आकड्यांत उत्तर देणारं केंद्र म्हणजे अर्धा विश्वास तिथेच. ‘बघू, नाही निघाला तर ऑपरेशन करू’ हे उत्तर पुरेसं नाही. पॉलिप लहान आतड्याच्या झडपेवर, अपेंडिक्सच्या तोंडाशी किंवा घडीच्या मागे असेल, किंवा आधी कुणी प्रयत्न करून सोडला असेल, तर ज्यांच्याकडे ईएसडीची (एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन, पॉलिप एका तुकड्यात सोडवण्याची पद्धत) सोय आहे असंच केंद्र शोधा.

तयारीच्या कागदाला बहुतेक ठिकाणी कमी गुण द्यावे लागतात, कारण सगळ्यांना एकच छापील पान मिळतं. पीईजी पावडरचं द्रावण सर्वात सुरक्षित आणि ते दोन हप्त्यांत घ्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचं. सगळं आदल्या रात्री संपवलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पिवळा चिकट थर बसतो, आणि चपटे पॉलिप तिथेच लपतात. सोडियम फॉस्फेटचं द्रावण कमी प्यावं लागतं म्हणून लोकांना आवडतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते नकोच. मॅनिटॉल तर अजिबात नको: त्यावर आतड्यातले जंतू हायड्रोजन वायू तयार करतात आणि विजेचा फास चालवताना त्या वायूचा स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. ईएमआरमध्ये वीज वापरायचीच असते, म्हणून कोणतं औषध दिलंय त्याचं नाव वाचा.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद: पेरू, डाळिंब, अंजीर, टोमॅटो, भेंडी, पालेभाज्या, तीळ, खसखस, नाचणी. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक, इडली, साबुदाण्याची पेज चालते. पेरूची एक बी दुर्बिणीच्या शोषनळीत अडकली की सगळं काम खोळंबतं. आदल्या दिवशी फक्त गाळलेले पातळ पदार्थ, आणि लाल-जांभळा रंग नको, म्हणजे कोकम सरबत आणि बीटही नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण मूत्रपिंडाच्या रुग्णानं पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात.

गोळ्यांचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी, वॉरफेरिन ५ दिवस आधी, अपिक्सॅबॅन-रिव्हरोक्सॅबॅनसारख्या गोळ्यांचा शेवटचा डोस ३ दिवस आधी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पण हृदयात स्टेंट बसवून वर्ष झालं नसेल किंवा कृत्रिम झडप असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका, पॉलिप थांबू शकतो. अ‍ॅस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात, मोठ्या ईएमआरसाठी मात्र डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन आम्ल साचतं. छापील पानावर ही ओळ क्वचितच असते. पेसमेकर असेल तर तारीख घेतानाच सांगा.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखं असतं. बारीक सुईनं पॉलिपखाली निळा रंग मिसळलेलं द्रावण टोचतात. पॉलिप हळूहळू वर येतो, जणू खाली पाण्याची गादी भरली. ही गादी आतड्याच्या स्नायूला विजेच्या उष्णतेपासून वाचवते. सगळं उचललं आणि मधलाच भाग खाली रुतून राहिला तर मुख्य कारणं दोन: आधीच्या बायोप्सीचा व्रण, किंवा खोल गेलेला कॅन्सर. आधी कुणी हात लावला नसेल तर चांगला डॉक्टर इथे थांबतो. उचललेला पॉलिप मग तारेच्या फासानं कापतात. २० मिमीपर्यंतचा एकाच तुकड्यात निघू शकतो, त्याहून मोठा तुकड्या-तुकड्यांत, एका कडेकडून सुरुवात करून मध्ये बेट न ठेवता. खाली उरलेला भाग निळ्या जाळीसारखा दिसला पाहिजे. काढलेल्या तुकड्याच्या पाठीवर किंवा खाली निळ्या रंगात पांढरं वर्तुळ दिसलं तर स्नायू कापला गेला आहे, आणि तिथल्या तिथे क्लिप लावून ते बुजवता येतं. भोक पडण्याचा धोका ईएमआरमध्ये साधारण १ ते २ टक्के, आणि ते जाग्यावरच ओळखलं तर बहुतेकदा ऑपरेशन टळतं.

शेवटी दोन गोष्टी झाल्या का, हे डिस्चार्जच्या कागदावर पाहा. पहिली, कडा शेकणं: फासाच्या टोकानं सॉफ्ट कोअ‍ॅग्युलेशन. ऑस्ट्रेलियातल्या २०१९ च्या अभ्यासात त्यामुळे पॉलिप परत येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आलं. पाच मिनिटांचं काम, वेगळं सामानही लागत नाही, म्हणून ते न करणाऱ्या केंद्राला आम्ही मागेच ठेवू. दुसरी, उजव्या बाजूची मोठी जखम क्लिपनं बंद करणं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात उजव्या बाजूला नंतर होणारा रक्तस्राव ९.६ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर उतरला. डाव्या बाजूला असा फायदा दिसला नाही, त्यामुळे तिथे डझनभर क्लिपांचं बिल आलं तर कारण विचारा. क्लिप नगावर मिळते आणि अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च बहुधा तिथेच होतो.

ईएसडीत पॉलिप चाकूनं खालून सोडवून एका तुकड्यात काढतात. वेळ जास्त, भोक पडण्याचा धोकाही जास्त, शिकायला अवघड. गुदाशयातला मोठा गाठाळ पॉलिप किंवा वरवरच्या कॅन्सरची शंका असेल तर ती मेहनत सार्थकी लागते, कारण कडा आणि खोली नीट तपासता येते. सगळ्यांना ईएसडीच हवी असं मात्र नाही. चपट्या सेरेटेड (सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखी रचना दिसणाऱ्या) पॉलिपमध्ये डिस्प्लेजिया नसेल तर विजेशिवाय थंड फासानं तुकड्यांत काढणंही पुरतं, आणि रक्तस्राव कमी होतो.

आता डबी. इथे सेवा सर्वात जास्त घसरते. नातेवाइकाच्या हातात फॉर्मलिनची डबी देऊन ‘लॅबला नेऊन द्या’ म्हणतात. घेण्याआधी पाहा: तुकडे १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडलेले हवेत, सलाइनमध्ये नाही, आणि फॉर्मलिन तुकड्यांच्या साधारण दहा पट हवं. एका तुकड्यात निघालेला पॉलिप थर्मोकोलवर किंवा कॉर्कवर टाचण्यांनी ताणून लावून मग बुडवायचा असतो. तसाच टाकला तर तो आक्रसून गुंडाळतो आणि पॅथॉलॉजिस्टला कड कुठली, तळ कुठला ते कळत नाही. वेगवेगळ्या जागांचे पॉलिप असतील तर डब्या वेगळ्या, प्रत्येकीवर नाव आणि जागा. डबी उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, फ्रीजरमध्येही नाही.

रिपोर्टात कॅन्सर निघालाच तर लगेच आतडं कापायचं असं नसतं. पाच गोष्टी वाचा: पेशींचा दर्जा, रक्त किंवा लसिकावाहिनीत शिरकाव, अस्तराखाली खोली १ मिमीपेक्षा जास्त आहे का, ट्यूमर बडिंग (कॅन्सरच्या कडेला सुट्या पेशींचे लहान पुंजके), आणि कड मोकळी आहे का. सगळं अनुकूल असेल तर फक्त देखरेख पुरू शकते. एकही प्रतिकूल असेल तर सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्टशी बसून बोलावं लागतं. तुकड्यांत काढलं असेल तर कड सांगता येत नाही, ही ईएमआरची खरी मर्यादा. दुसरं मत हवं असेल तर लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा, ते तुम्हाला मिळतात.

घरी आल्यावर त्या दिवशी पातळ, दुसऱ्या दिवशीपासून मऊ जेवण. २४ तास गाडी चालवायची नाही, आठ-दहा दिवस वजन उचलायचं नाही, आणि दोन आठवडे लांबचा प्रवास टाळायचा, कारण रक्तस्राव १४ दिवसांपर्यंत कधीही होऊ शकतो. पुसताना थोडं रक्त दिसणं वेगळं. भांड्यात गाठींसह रक्त, चक्कर, वाढत जाणारी पोटदुखी, ताप, पोट फळीसारखं कडक, यातलं काहीही झालं तर फोन करून वाट पाहत बसू नका, जिथे ईएमआर झाली तिथे थेट जा. पहिल्या काही दिवसांत ताप आणि एकाच जागी दुखणं हे कधी कधी विजेच्या चटक्यामुळेही होतं आणि औषधांनी बरं होतं, पण ते भोक नाही हे तपासूनच ठरवायचं.

विम्याचा एक मुद्दा. बिलावर नुसतं ‘कोलोनोस्कोपी’ लिहिलं तर विमा कंपनी तपासणी समजून दावा अडवू शकते. डिस्चार्जवर ‘ईएमआर’, पॉलिपचा आकार आणि जागा स्पष्ट लिहून घ्या आणि आदल्या आठवड्यातच पूर्वपरवानगी मागा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

तुकड्यांत काढलेल्या पॉलिपची पुढची कोलोनोस्कोपी ६ महिन्यांनी, ती स्वच्छ निघाली तर पुढची वर्षानं, मग ३ वर्षांनी. एका तुकड्यात पूर्ण निघालेल्या मोठ्या अ‍ॅडिनोमासाठी (ग्रंथीच्या पेशींपासून वाढणारा, पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) साधारण ३ वर्षं. व्रणाच्या कडेला परत आलेला लहान कोंब बहुतेकदा त्याच भेटीत निघतो, पण कुणी बघितलं तरच. बऱ्याच ठिकाणी ही तारीख तोंडी सांगतात आणि सहा महिन्यांनी दोन्ही बाजू विसरतात. ती डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, आणि त्याखाली आणखी एक ओळ: सख्खी भावंडं आणि मुलं यांनी कोलोनोस्कोपी केव्हा करायची. एवढा मोठा अ‍ॅडिनोमा सापडल्यावर त्यांची तपासणी साधारण चाळिशीत, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर असेल तेव्हा सुरू करतात.